मूल कोणाचे?

‘मुले ही देवाघरची फुले’ हे वाक्य लहानपणापासून आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याचा अर्थ मनापर्यंत पोहोचेनासा झाला आहे. बालदिनाच्या भाषणात ते हमखास येते, शाळेच्या भिंतीवर ते ठळक अक्षरांत रंगवलेले असते. मात्र शेजारच्या घरातून एखाद्या लेकराच्या रडण्याचा, फटक्यांचा आवाज आला, चौदा वर्षांच्या मुलीच्या दारात मांडव पडला, किंवा सदा हसणारे पोर एकाएकी अबोल झाले, तर आपण काय करतो? बहुतेक वेळा आपण एवढेच म्हणतो, ‘जाऊ द्या, तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे.’ या एका वाक्यात मुलांच्या दुःखाचे सारे मूळ साठलेले आहे, असे मला वाटते. मूल कोणाचे? केवळ जन्मदात्यांचे, की साऱ्या समाजाचेही? या प्रश्नाचा विचार आपल्या महाराष्ट्राचा इतिहास, आपला हिंगोली जिल्हा आणि आजचा कायदा यांच्या आधाराने करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हिंसा म्हणजे काय, हे पाहू. हिंसा म्हटले की काठी, रक्त, पोलीस असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पण मुलांवरील हिंसा याहून व्यापक आहे. मारहाण ही हिंसा आहेच. लैंगिक अत्याचार ही तर तिची सर्वांत क्रूर तऱ्हा. त्याखेरीज सतत अपमान करणे, उपाशी ठेवणे, शाळा सोडवून कामाला जुंपणे, आजारपणात दुर्लक्ष करणे आणि लग्नाचे वय होण्यापूर्वी बोहल्यावर उभे करणे, या साऱ्या हिंसेच्याच तऱ्हा होत. यांतील कित्येक गोष्टी प्रेमाने, काळजीपोटी, ‘पोराचे भले व्हावे’ म्हणून केल्या जातात. त्यामुळेच त्या ओळखणे अवघड जाते.

या हिंसेचे मोजमाप आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर झाले ते २००७ साली. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारून एक अहवाल प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसलेला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, आणि त्यात मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. ‘हे मुलींच्याच बाबतीत घडते’ ही आपली समजूत तेथे खोटी ठरली. छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणाजवळही बोलून दाखवली नव्हती.

मूल का बोलत नाही? कारण बोलायला शब्द लागतात, आणि या विषयाचे शब्द आपण मुलांना कधी शिकवलेलेच नसतात. कारण मारणारा किंवा छळणारा बहुधा तोच असतो ज्याच्या हातून ते जेवते, ज्याच्याजवळ ते शिकते. शिवाय एकदा धीर करून सांगितले आणि मोठ्यांनी ‘काहीतरीच बोलू नकोस’ म्हणून गप्प केले, तर ते पुन्हा तोंड उघडत नाही. मोठा माणूस अन्याय झाला तर चावडीवर जातो, वकील गाठतो, निदान चारचौघांत ओरडतो. मुलाला यांतले काहीच करता येत नाही. म्हणून मुलाच्या बाबतीत तक्रार करण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. हा ‘दुसरा कोणीतरी’ म्हणजेच समाज.

ही साधी गोष्ट जगाला फार उशिरा उमगली. १८७४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात मेरी एलन नावाच्या सुमारे दहा वर्षांच्या मुलीचा तिची पालक बाई अनन्वित छळ करीत असल्याचे शेजारपाजाऱ्यांना ठाऊक होते. एटा व्हीलर नावाच्या समाजसेविकेने तिच्या सुटकेसाठी अनेक दारे ठोठावली. अखेर तिला मदत मिळाली ती प्राण्यांवरील क्रौर्य थांबवण्यासाठी झटणाऱ्या हेन्री बर्ग या गृहस्थाकडून. मुलगी सुटली, पालक बाईला शिक्षा झाली आणि त्या प्रकरणातून बालकांवरील क्रौर्याचा प्रतिबंध करणारी संस्था उभी राहिली. आपल्याकडेही क्रम असाच दिसतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १८९० साली झाला. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा यायला १९२४ साल उजाडावे लागले. बैलाच्या पाठीवरचा वळ समाजाला आधी दिसला, लेकराच्या पाठीवरचा नंतर.

परंतु महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट या सर्वांच्या आधी पुण्यात घडली होती. १८६३ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्या काळी पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या तरुण विधवेला दिवस गेले, तर अब्रूच्या भयाने नवजात अर्भकाचा जीव घेतला जाई. सर्वांना ते माहीत होते आणि सर्वांनी त्याकडे पाठ फिरवली होती. जोतीरावांनी या गृहाची जाहिरात केली. इथे येऊन गुपचूप, सुरक्षितपणे बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुम्ही ठरवा, अशा आशयाची पत्रके त्यांनी भिंतींवर लावली. जे घराघरांत दडपले जात होते, ते त्यांनी पुण्याच्या भिंतीवर आणले. पुढे १८७४ साली या दांपत्याने एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच यशवंत शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये एका आजारी मुलाला उपचारासाठी आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. मूल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर फुले दांपत्याने आपल्या आयुष्याने दिले आहे.

दुसरा झगडा बालविवाहाचा. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले होते. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ पासून तो खटला चालला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या विलायतेत जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. इकडे बंगालमध्ये दहा-अकरा वर्षांची फुलमणी पतीच्या बळजोरीने मरण पावली. त्या घटनेने देश हादरला आणि १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहावरून बारा करण्यात आले. दोनच वर्षांची ही वाढ. पण त्यावरून महाराष्ट्रात केवढे रणकंदन माजले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. सुधारणेच्या बाजूने न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, आगरकर होते, तर सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून लोकमान्य टिळक विरोधात उभे राहिले. ‘घरचा प्रश्न’ हाच युक्तिवाद तेव्हा मोठ्या विद्वत्तेने मांडला गेला.

१९२९ साली मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा आला. देवलांच्या ‘शारदा’ नाटकावरून त्याला हे नाव पडले असे काहीजण समजतात. वस्तुतः ते मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या नावावरून आलेले आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता आणि आपला हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात विलीन झाल्यानंतरच देशाचे कायदे आपल्यापर्यंत येऊ लागले. पुणे-मुंबईत ज्या वादांनी साऱ्या समाजाला घुसळून काढले, ते आपल्या खेड्यांतून कधी झालेच नाहीत. १९७८ साली मुलीचे किमान वय अठरा आणि मुलाचे एकवीस झाले. परंतु कायदा गावात येणे आणि विचार गावात येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा परिणाम आजही दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांना त्यांचे लग्नाचे वय विचारले होते. महाराष्ट्रात त्यांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. शेजारच्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे ज्याच्यातून १ मे १९९९ रोजी आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या जिल्ह्यात, हे प्रमाण ४८ टक्के निघाले. आपला जिल्हाही राज्याच्या सरासरीच्या बराच वर आहे.

लोक अडाणी आहेत म्हणून असे होते, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. सेनगाव, कळमनुरी, औंढा या भागांतल्या कोरडवाहू गावांत दिवाळी आली की ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात ती उन्हाळा लागल्यावर परततात. उचल दिली जाते ती ‘कोयत्या’वर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात; लग्न झाले की तो पुरा होतो आणि उचलही वाढते. म्हणजे लग्नाच्या घाईमागे पैशाचे गणित आहे. दुसरे गणित भीतीचे. पोरीला बरोबर न्यावे तर फडावर, पाचटाच्या कोपीत, दाराला कडी नाही. गावात ठेवावे तर घरात थकलेली आजी. पोरीला काही बरेवाईट झाले तर काय करायचे, या धास्तीने बाप तिला ‘उजवून’ मोकळा होतो. हिंसेपासून वाचवण्यासाठी तिला दुसऱ्या हिंसेच्या हवाली केले जाते, हे या प्रश्नातले सर्वांत मोठे दुःख आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. काही वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या गावात नववी झालेल्या एका मुलीचे लग्न ठरले. गावातल्या प्रत्येक लेकराची जन्मतारीख आईच्या रजिस्टरात असते. त्या हिशेबाने मुलीला पंधरावे सरत होते. आई आधी एकटीच त्यांच्या घरी जाऊन आली. उपयोग झाला नाही, तेव्हा तिने ग्रामसेवकांना कळवले, कारण खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. हळदीच्या दिवशी अधिकारी आणि पोलीस आले, आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतले आणि लग्न थांबले. मांडव तसाच उभा, चुलवणावर भाताची पातेली तशीच. सगळे पांगल्यावर मुलीचा बाप आईसमोर येऊन उभा राहिला. तो चिडलेला नव्हता. तो म्हणाला, “बाई, तुमचा कायदा बराबर हाय. पन आमी कारखान्यावर गेलो की हिला कुनी सांभाळायचं, ते तेवढं सांगा.”

या प्रश्नाला कोणत्याही कायद्यात उत्तर नाही. ते आईनेच शोधले. शाळेच्या बाईंशी बोलून तिने मुलीला तालुक्याच्या गावी वसतिगृहात जागा मिळवून दिली आणि सुट्टीत ती आमच्याच घरी राहू लागली. त्या वर्षी आईला गावातल्या अनेक घरांतून संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण संध्याकाळी ती दारात बसून असायची, ते माझ्या लक्षात आहे. मुलगी दहावी झाली, बारावी झाली, आणि अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः पाहून-सवरून तिने लग्न केले. लग्न थांबवणे हे एका दिवसाचे काम होते. मुलीला सांभाळणे हे तीन वर्षांचे. समाजाची आस्था म्हणजे काय, ते मला या दुसऱ्या कामातून समजले.

आता कायद्याने आपल्या हाती काय दिले आहे, ते पाहू. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. लग्न ठरवणारे, लावणारे, त्याला हातभार लावणारे अशा सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याचे लग्न बालपणी झाले त्याला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते रद्द करून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने तर २०१७ मध्ये, अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला शरीरसंबंध हा बलात्कारच होय, असा निर्णय दिला. फुलमणीच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी!

शाळेतली छडी शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे १ एप्रिल २०१० पासून, बंद झाली आहे. मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना त्यात मनाई आहे. लैंगिक अत्याचारांसाठी ‘पोक्सो’ नावाने ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या काही तरतुदी प्रत्येकाला माहीत असाव्यात. अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी या दोघांनाही तो लागू होतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये, अशी व्यवस्था करावी लागते.

पण या कायद्यातली सर्वांत मोठी गोष्ट तुमच्या-माझ्याविषयी आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल, त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे; माहीत असून न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. उलट, सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई करता येत नाही. ‘तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे’ हे वाक्य निदान या बाबतीत कायद्याने खोडून टाकले आहे.

कळवायचे कोठे? १०९८ हा बालकांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून तो सुरू झाला. ‘दहा-नऊ-आठ’ अशी उलटी मोजणी लहान मुलाच्याही ध्यानात राहते. हे काम आता शासन पाहते. जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिच्यात अध्यक्ष व चार सदस्य असतात, आणि निराधार किंवा छळ झालेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे हजर करावे लागते. असे मूल समितीपुढे नेण्याचा अधिकार सामान्य नागरिकालाही आहे. गावपातळीवर सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका यांची ग्राम बालसंरक्षण समिती असते. ती आपल्या गावात आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

समाजाला मुलांची चिंता नाही, असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले आणि कित्येक तास रेल्वे अडवून धरली गेली. तक्रारीची वेळीच दखल घेतली गेली नाही, हा त्या संतापाचा गाभा होता आणि तो रास्तच होता. परंतु संताप हा पुरासारखा असतो. चार दिवसांत ओसरतो. मुलाला जी आस्था हवी असते ती विहिरीसारखी, बारमाही. रेल्वे रोखणाऱ्या हजारांपेक्षा, पोर गप्प का झाले हे पहिल्या दिवशी ओळखणारा एक माणूस त्याच्या अधिक उपयोगी पडतो.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. आस्था आणि चर्चा यांत फरक आहे. एखादी घटना घडली की मुलाचे नाव, गाव, छायाचित्र मोबाईलवरून फिरू लागते. पीडित बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि माणुसकीनेही असायला हवी. चव्हाट्यावर गेलेले नाव त्या लेकराला जन्मभर पुरते.

मग आपण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी काय करावे? आपल्यापैकी बहुतेकजण खेड्यांतून येतो. घरी लहान भावंडे, भाचरे आहेत. त्यांना ‘नाही’ म्हणायला आणि नकोसा स्पर्श घरात सांगायला आपण शिकवू शकतो. त्यांनी सांगितले की आधी विश्वास ठेवू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच गावात, दिवाळीनंतर कोणती मुले मागे राहणार आहेत आणि ती कोणाकडे राहणार आहेत, याची यादी करून ती शाळेला व ग्रामपंचायतीला देता येईल. हंगामी वसतिगृहाची योजना आपल्या भागासाठीच आहे. गावातून मागणी वेळेवर गेली तर ती वेळेवर सुरू होण्याची आशा. आणि लग्नाची पत्रिका हातात पडली की नवरीचे वय विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या. आहेर किती द्यायचा हे विचारतो, मग वय विचारायला संकोच कशाला?

आपल्या जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव. गंगाखेडची लहानगी जनी नामदेवांच्या वडिलांच्या घरी आली आणि तेथेच वाढली, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या लेकराला एका घराने दार उघडले म्हणून मराठीला संत जनाबाई मिळाल्या. आजही आपल्या आसपास कित्येक जन्या आहेत; कोणी फडावर, कोणी वीटभट्टीवर, कोणी मांडवाच्या वाटेवर. त्यांच्यासाठी दार उघडायचे की कडी लावून आत बसायचे, हे प्रत्येक घराला ठरवायचे आहे. निदान ज्या घरातून कोणी एक महाविद्यालयात आले आहे, त्या घराचे दार तरी उघडे असावे.